चंदनाचे ओठ

लकडगंजात, लाकडाच्या बाजारात, माझ्या दुकानाला लागून एक सुतार दारांच्या चौकटी कोरायला बसे. त्याच्या कामात कुणी खोट काढली, तर तो मान वर न करता म्हणे, "लाकूडच तसं हाये, मी काय करू गा?"

त्या वर्षी वस्तीतल्या विहारासाठी त्याने वीतभर उंचीची चंदनाची बुद्धमूर्ती करायला घेतली. चार महिने रोज दुपारी विडी विझवून, हात साबणाने धुऊन तो तिच्यापुढे बसायचा.

मूर्ती झाली तेव्हा वस्तीतले लोक पाहायला आले आणि वाखाणत राहिले. त्यांच्यात एक आंधळी म्हातारी होती. तिने लांबूनच हात जोडले. त्याने तिला जवळ बोलावलं आणि मूर्ती तिच्या हातांत ठेवली. "माय, तूही पाहून घे."

तिची बोटं कपाळावरून, मिटल्या पापण्यांवरून सावकाश खाली आली आणि ओठांपाशी थांबली.

"तोंड अजून कष्टी हाये याचं," ती म्हणाली. "काहून गा?"

मला वाटलं, आता हा चिडणार. त्याने मूर्ती परत घेतली, बराच वेळ पाहिली. मग बारीक पटाशीने ओठांच्या कोपऱ्यांतून केसाएवढं चंदन काढलं, फुंकर घातली आणि मूर्ती पुन्हा तिच्या हाती दिली.

तिने ओठ चाचपले. "आता शांत वाटून राहिलं त्याले."

मी पुढे होऊन पाहिलं. चार महिने रोज पाहिलेला तो चेहरा मला अनोळखी वाटला, इतका तो निवला होता.

सुतार उठला आणि मूर्तीआधी त्या म्हातारीच्या पाया पडला.