मागची सीट

आदिलाबादजवळच्या बेला गावात माझ्या आईची चुलत बहीण राहायची. तिच्या घरामागे टिनाच्या छपराखाली एक जुनी विलायती मोटार उभी होती. चारी चाकं विटांवर चढवलेली, बॉनेटवर कोंबड्यांची विष्ठा, समोरच्या जाळीवरचं नाव गंजून गेलेलं. मावशीचे यजमान ती गाडी चालवायचे. मालक होते सरकारी दवाखान्यातले एक डॉक्टर. बदली होऊन ते हैदराबादेला गेले तेव्हा गाडी बंद पडलेली होती, म्हणून ती त्यांनी ड्रायव्हरलाच देऊन टाकली. मावसाजींनी बैलांकडून ओढवून ती गावात आणली. पण ती पुन्हा कधी सुरू झाली नाही, आणि पुढे तेही राहिले नाहीत.

मी त्या वेळी आदिलाबादेत एका सरकारी कचेरीत कारकून होतो. आंध्रात तालुके मोडून नवी, लहान मंडलं झाली होती. दिवसभर आम्ही फायली इकडच्या कपाटातून तिकडच्या कपाटात हलवायचो. संध्याकाळी पाच वाजले की मी सायकल काढायचो आणि मास्तरांकडे जायचो. मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांना यंत्रांचं वेड. बंद पडलेले पाण्याचे पंप, रेडिओ, शिलाई मशीन, जे हाताला लागेल ते उघडून पुन्हा चालू करायचे. मावशीच्या मोटारीबद्दल मी त्यांना सांगितलं, तेव्हा हातातला चहा तसाच ठेवून ते म्हणाले, "उद्या रविवार हाये न? चाल."

मावशीने गाडी द्यायला आढेवेढे घेतले नाहीत. तिची एकच अट होती.

"चालू झाली का मले मागच्या सीटवर बसवून पैनगंगेच्या पुलापर्यंत नेजा. बस."

"पुढं बस न मावशी. पुढून चांगलं दिसते," मी म्हणालो.

"नाही. मागंच. ते मालकिणीची जागा होती. तुहे मावसाजी रोज ते सीट पुसत. मी डबा घेऊन जायची तवा गाडीच्या सावलीत बसायची, आत नाही. मंग गाडी आपली झाली, तं चालेच ना. उभ्या गाडीत बसून काय करू?"

मास्तर म्हणाले, "मावशी, शब्द देतो. मागच्या सीटवर बसवून नेऊ."

मीही मान डोलावली.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आम्ही गाडी मास्तरांच्या अंगणात आणली. पहिलं वर्ष फार आनंदात गेलं. इंजिन जाम होतं. मास्तर रोज शाळेत जाण्याआधी प्लगच्या भोकांतून थोडं थोडं रॉकेल सोडायचे. बॉनेट उघडून बोटाने चाचपायचे, पुन्हा झाकायचे. एके दिवशी पंखा हाताने इंचभर फिरला तर त्यांनी मला कचेरीत निरोप पाठवला. खोललेला एकेक नट त्यांनी दुधाच्या पावडरच्या डब्यांत ठेवला होता, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. मागची सीट तर त्यांनी घरात नेली. फाटलेलं कातडं उसवलं, आतल्या स्प्रिंगा घासून रंगवल्या आणि स्वतःच्या हाताने शिवून नवं तांबडं रेग्झिन चढवलं. शिवताना त्यांच्या बायको म्हणायच्या, "माहं ब्लाऊज तं कधी शिवलं नाही."

दसऱ्याच्या आसपास इंजिन सुरू झालं. हँडल मी मारलं. धूर एवढा निघाला की शेजारचे लोक धावत आले. दहा मिनिटं गाडी धडधडली. मग मास्तरांनी ऑइल तपासायची पट्टी बाहेर काढली. ऑइल चहासारखं झालं होतं. इंजिनाचा ओतीव बिडाचा ब्लॉक आतून तडकला होता, पाणी ऑइलमध्ये उतरत होतं. बसस्टँडमागे गॅस वेल्डिंगचं दुकान असलेल्या मिस्त्रींनी तो दोनदा जोडून पाहिला. दोन्ही वेळा शिवणीशेजारी नवी चीर गेली.

शेवटी एका मोडक्या जीपचं इंजिन बसवायचं ठरलं. त्यावरही मास्तर आधी आठवडाभर हळहळले. जीपचं इंजिन लांब होतं, ते बसेना. मोजमापं, पुन्हा मोजमापं. मास्तर रोज अर्धा इंच पुढे जायचे. मला मात्र धीर उरला नव्हता.

त्याच सुमारास रद्दीच्या दुकानात एक परदेशी मासिक माझ्या हाती लागलं. त्यात एका जुन्या मोटारीचं रंगीत चित्र होतं. टप कापलेला, मागचा भाग कापलेला, मडगार्ड काढून टाकलेली, इंजिन उघडं. दोनच माणसांची जागा. ती उभी गाडीसुद्धा पळत असल्यासारखी दिसत होती. ते पान फाडून मी मास्तरांना दाखवलं.

"आपली अशी करू. वजन कमी होईन, इंजिन मागं सरकवता येईन."

त्यांनी चष्मा लावून पान पाहिलं. "हे मुंडकं कापलेली गाडी हाये. अन् मावशी कुठं बसन?"

"मावशी काय, पुढं बसन."

"शब्द दिला न आपन," एवढंच बोलून त्यांनी पान परत दिलं.

उन्हाळ्याच्या सुटीत मास्तरांना प्रशिक्षणासाठी महिनाभर करीमनगरला जावं लागलं. ते गेल्याच्या चौथ्या दिवशी मी मिस्त्रींना अंगणात बोलावलं आणि खडूने गाडीवर रेघ ओढली.

मिस्त्री रेघेकडे पाहत उभे राहिले. "यहाँ से काटना? मास्टर साब कू पूछे क्या?"

"हाँ, पूछ लिया," मी म्हणालो.

ते किती सहज बोललो मी! मिस्त्रींनी काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि गॅसचं नळकांडं पेटवलं. मास्तरांच्या बायको दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही मी तेच सांगितलं. दुपारपर्यंत टप आणि मागची दोन्ही दारं जमिनीवर होती. तो पत्रा, जुनं इंजिन, कोपऱ्यातलं उरलंसुरलं सामान असं सगळं भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेलं. तांबडी सीट मात्र टाकवली नाही. माझ्या ओळखीचा एक केस कापणारा होता. गिऱ्हाइकांना बसायला म्हणून त्याला देऊन टाकली.

जीपचं इंजिन आता झटक्यात बसलं. क्लच, गिअरबॉक्स, पेडलं सगळं जीपचंच. लाल रंग मारून मी गाडी रस्त्यावर काढली. खोटं कशाला बोलू, मला फार सुख झालं. कापसाच्या बाजारातून गेलो तर गाडीवान बैल थांबवून पाहायचे. कचेरीतले साहेब बाहेर येऊन म्हणाले, "अरे वा!" चढावर ती तापायची, रेडिएटरमधून वाफ निघायची, तरी मी तिच्यात राजासारखा बसायचो.

मास्तर परत आले तेव्हा मी अंगणातच होतो. त्यांच्या हातात पिशवी होती. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. कापलेल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. उत्तरंही मी तयार ठेवली होती.

"सीट कुठं हाये?"

मी सांगितलं.

"अन् मिस्त्रीले काय सांगतलं तू?"

मी हातातली चावी खिशात घातली. ते घरात गेले. थोड्या वेळाने त्यांची मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा म्हणतात, गाडी घेऊन जा."

मी गाडी माझ्या खोलीसमोर आणून लावली. त्यानंतर कित्येक महिने मी मास्तरांच्या गल्लीतून गेलो नाही. बेल्यालाही गेलो नाही. मावशीचे निरोप यायचे, गाडी कुठवर आली म्हणून. मी सांगायचो, काम चालू हाये.

मग एके दिवशी मावशी स्वतःच आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनसाठी तिला आदिलाबादच्या दवाखान्यात आणलं होतं. भरती व्हायच्या आधी ती माझ्याकडे चहाला आली. समोर लाल काहीतरी उभं आहे एवढं तिला दिसलं.

"हेच का रे?" तिचा आवाज एकदम पोरीसारखा झाला.

ती हात पुढे करून चालू लागली. बॉनेटला हात लागला, तशी हसली. मग बाजूबाजूने, पत्रा चाचपत, ती मागे सरकली. मावसाजी मालकिणीला ज्या दाराने बसवायचे त्या दाराची मूठ कुठे असते ते तिला पाठ होतं. तिने बरोबर तिथे हात नेला. हात हवेत गेला. तोल जाऊन ती पडलीच असती, मी धरली.

"काऊन रे, दार कुठं गेलं?"

"दुरुस्तीले नेलं मावशी. मागचा सगळा भाग दुरुस्तीले गेला."

"हाव का? मंग घाई नोको करू. बरं होऊ दे," ती म्हणाली. आणि माझा दंड थोपटला.

तिला दवाखान्यात सोडून मी सरळ मास्तरांच्या घरी गेलो. ते ओट्यावर वह्या तपासत होते. मी त्यांच्या समोर जमिनीवर बसलो आणि मावशीचा हात हवेत कसा गेला ते सांगितलं. सांगता सांगता मला रडू आलं. त्यांनी मला गप्प केलं नाही. लाल पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "तिच्यासाठी करू. तुह्यासाठी नाही."

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींकडे गेलो. गाडीचा मागचा भाग पुन्हा बांधायचा आहे, मास्तरही तयार आहेत, असं सांगितलं. मिस्त्री हातातली सळई खाली ठेवून म्हणाले, "मास्टर साब कू आने दो. उनके मुँह से सुनूँगा." मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "वो करीमनगर से आए तो मैं ख़ुद मिलने गया था. तब से तुम्हारा कोई भी काम आया, पहले उनकू पूछा मैं."

मधल्या काळात मी दोनदा गाडीचं काम त्यांच्याकडे नेलं होतं. दोन्ही वेळा ते "कल आओ" म्हणाले होते. का, ते आत्ता कळलं.

मास्तर स्वतः जाऊन मिस्त्रींशी बोलले आणि गाडी पुन्हा त्यांच्या अंगणात आली. कापणं एका दुपारचं होतं. जोडायला आठ महिने लागले. इंजिन मागे सरकलेलं, म्हणून मागची सीट वीतभर मागे घ्यावी लागली. पत्र्याचा तो बाक कुणालाच जमेना. मास्तरांनी लाकडाचा साचा केला, मिस्त्रींनी त्यावर पत्रा ठोकला, तरी डावं दार उजव्यापेक्षा बोटभर खाली आलं. ते तीनदा तोडून पुन्हा केलं. टप जमलाच नाही. शेवटी ताडपत्रीचा केला. केस कापणाऱ्याने सीट परत दिली, पण रेग्झिनवर बिडीची भोकं पडली होती. मास्तरांनी ते पाहिलं आणि पुन्हा सुई-दोरा घेऊन बसले. त्या आठ महिन्यांत ते माझ्याशी फक्त पाना, हातोडी, धर, सोड एवढंच बोलत.

काम अर्ध्यावर असतानाच मावशी पुन्हा आली. एका डोळ्याने आता तिला चांगलं दिसत होतं. जाड काचांचा चष्मा लावून तिने गाडी नीट पाहिली. नव्या-जुन्या पत्र्याच्या मधली वेल्डिंगची जाड रेघ पाहिली. मास्तर उठून आत गेले.

"मले दिसत नव्हतं तवा तू म्हनला दुरुस्तीले गेलं," ती म्हणाली. "आता दिसते. आता बोल."

मी सगळं सांगितलं. खडूची रेघसुद्धा. मासिकातल्या चित्राचंही सांगितलं. ते तिला काही समजलं नसावं. तिने ऐकून घेतलं.

"मी सीट मागतली तवाच तू नाही म्हनला असता, तं चाललं असतं," ती म्हणाली. "हाव म्हनला अन् मंग कापली." चहा न पिताच ती गेली.

तरी हिवाळ्यात, गाडी तयार झाली असा निरोप मिळाल्यावर, ती आली. धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आली होती. मास्तरांनी दार उघडलं. दार कुरकुरलं. ती वाकून आत गेली आणि सीटच्या अगदी मधोमध बसली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना, मग मांडीवर ठेवले.

"तू चालव," मास्तर मला म्हणाले आणि माझ्या शेजारी बसले.

पुलापर्यंत गाडी दोनदा तापली. दोन्ही वेळा आम्ही थांबून पाणी घातलं. मावशी खाली उतरली नाही. वाटेतले कापूस वेचणारे लोक सरळ उभे राहून पाहायचे. ती त्यांच्याकडे पाहायची नाही, समोर पाहायची. पुलावर गाडी थांबवली. खाली पाणी थोडंच होतं, बाकी वाळू.

बऱ्याच वेळाने ती उतरली आणि पुढच्या दारातून आत वाकली. माझ्या पायांशी पाहत म्हणाली, "तुह्या मावसाजीच्या क्लचचं रबर एका बाजूनं घासलं होतं. त्याहिचा पाय तिरपा पडे. ते कोनतं?"

हे जीपचं पेडल होतं. जुनं त्या हातगाडीवर गेलं होतं. आता पुन्हा खोटं बोलणं फार सोपं होतं. पेडलं सगळी सारखीच काळी असतात. मास्तर माझ्याकडे पाहत होते.

"ते नाही मावशी. ते मी भंगारात देल्लं."

ती तशीच वाकून उभी राहिली. मग सरळ झाली, पदर नीट केला आणि मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मास्तर उतरायच्या आधी मी धावत गेलो आणि तिच्यासाठी दार उघडलं. ती बसली.

परतीच्या वाटेवर ती मास्तरांशी बोलत होती. त्यांच्या शाळेबद्दल, त्यांच्या मुलीच्या लग्नाबद्दल. माझ्याशी बोलली नाही. गाडी त्याच आठवड्यात मी बेल्याला नेऊन तिच्या छपराखाली लावली आणि चावी तिच्या हातात दिली. मास्तरांशी पुढे बोलणं सुरू झालं, चहापाणीही सुरू झालं. पण त्यांनी दुसरं कुठलंही यंत्र उघडलं तेव्हा मला निरोप पाठवला नाही. आणि मीही आपण होऊन गेलो नाही.