वलसाडपर्यंतचं कोकण

तळहात पालथा करायचा, हवेत एकदा झटकायचा आणि म्हणायचं, "त्यात कसला खर्च?" आमच्या निजामपुऱ्यातल्या सोसायटीत हे वाक्य कुणीही उच्चारलं तरी सगळ्यांना तळमजल्यावरचे काका आठवतात. भाजीवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत प्रत्येकाने ते ऐकलेलं आहे, आणि ऐकल्यावर आपलं काम मुकाट्याने केलेलं आहे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याला चिक्कू म्हणावं तर तो आजारपणात सगळ्यांच्या आधी दारात उभा राहतो, आणि उदार म्हणावं तर तो चहाला नेतो आणि एक चहा दोघांत मागवतो. काका या जातीतले. बडोद्याबाहेरच्या एका केमिकल कारखान्यात ते स्टोअर्स सांभाळायचे. तिथेही म्हणे नवीन हातमोजे मागायला आलेला माणूस जुनेच उलटे करून घालून परत जायचा.

एकदा त्यांच्याकडे पुण्याचे पाहुणे आले. त्यांना बडोदे दाखवायचं होतं. काका सगळ्यांना चालत कमाटीबागेत घेऊन गेले, तिथून सिटी बसने राजवाड्याच्या फाटकापाशी. तिकीट काढायची वेळ आली तसे ते म्हणाले, "आत काय आहे? चालून चालून पाय दुखतात. बाहेरून पण तेवढाच मोठा दिसतो ने." पाहुण्यांनी फाटकाच्या गजांमधून राजवाडा बघितला, फोटो काढले, आणि घरी येऊन काकूंच्या हातचं श्रीखंड इतकं खाल्लं की राजवाड्याची आठवण कुणालाच राहिली नाही.

काकूही तशाच हिकमती. आणि त्यांची मुलगी मनू दोघांच्या वरताण. ती लहानपणापासून माझ्याकडे गणितं विचारायला वर यायची. मी अलकापुरीतल्या एका ऑफिसात बसणारा साधा माणूस, पण तिच्या लेखी मोठा विद्वान. पुढे इंजिनीयर झाली आणि माझ्या विद्वत्तेचा निकाल लागला.

काकांच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं. वर्ष कधीच उलटून गेलं होतं, पण कॅलेंडर भिंतीवरच. त्यावर निळा समुद्र, पांढरी वाळू आणि वाकलेली माडाची झाडं. मनू चमच्याने वरणभात खाण्याच्या वयात होती तेव्हा तिने विचारलं होतं, "बाबा, हे कुठे आहे?" काका म्हणाले, "कोकणात. गुहागर. तुला नेईन हां." झालं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गुहागर ठरायचं आणि दर उन्हाळ्यात रहित व्हायचं. कधी कारखान्यात मशिनं दुरुस्तीला काढलेली असायची, कधी आजीचं ऑपरेशन निघायचं. शेजारच्या भाभी जिन्यात भेटल्या की हसत विचारायच्या, "काका, कोंकण क्यारे?" काका ताठ मानेने पुढच्या वर्षीचा वायदा करायचे, "आवता वर्षे पाक्कुं."

मग मनूला कॅनडात शिकायला जायचं पक्कं झालं. बडोद्यात तुम्ही राहत असाल तर यात नवल वाटायचं कारण नाही, इथे प्रत्येक जिन्यात एक तरी घर असं आहे. फी भरली आणि काकांकडे होतं नव्हतं ते सगळं गेलं. ऑगस्टात विमान होतं. मे महिन्यात काकांनी चार दिवसांची रजा मिळवली आणि रविवारी सकाळी मला खाली बोलावलं.

"यंदा नाही तर मग नाही," ते म्हणाले. एवढं सरळ बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

जेवणाच्या टेबलावर त्यांनी बेत मांडला होता. खरोखरच मांडला होता. लोणच्याची बरणी म्हणजे भरूच, साखरेचा डबा म्हणजे सुरत, मिठाचं भांडं वलसाड, आणि टेबलाच्या पार टोकाला खोबरेल तेलाची बाटली म्हणजे गुहागर. मधे वसई, पनवेल, चिपळूण अशी मसाल्याची डबी आणि वाट्या. प्रत्येक ठिकाणी एकेक नातेवाईक होता.

"भरूचला काकूच्या मावशीकडे फक्त चहा. सुरतला चुलतभावाकडे जेवण. वलसाडला मेहुणे रेल्वेत आहेत, त्यांच्या क्वार्टरमध्ये मुक्काम. हॉटेलचा प्रश्नच नाही. गाडी आपली, गॅसवरची. त्यात कसला खर्च?"

"आणि लोकांकडे रिकाम्या हाताने जाणार?"

"छे छे! लीलो चेवडो घेतलाय. घरटी एक पाकीट." बडोद्याचा हा हिरवट ओलसर चिवडा आमच्या गावाची शान आहे. काकांनी तो मुक्कामाचं भाडं म्हणून लावला होता.

"गाडी कोण चालवणार?" मी विचारलं. काकांना मागून ट्रकचा हॉर्न ऐकू आला की ते गाडी बाजूला घेऊन थांबायचे आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत निघायचे नाहीत.

त्यांनी तळहात झटकला. "तू आहेस की!"

अशा रीतीने मी गुहागरला निघालो.

डिकीत गॅसची टाकी, त्यामुळे सामान मांडीवर. दोन सतरंज्या, पाण्याचा कॅन, चहाची किटली, थेपल्यांचा डबा आणि चिवड्याच्या पाकिटांची पिशवी. एसी कधीचा बंद पडलेला. मनू खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाली, "बाबा, यातून पण गरमच हवा येते." काका म्हणाले, "गरम असली तरी ताजी आहे ने."

काकांचा हिशोब चोख होता, पण एक गोष्ट त्यातून निसटली होती. हॉटेलातून सकाळी निघता येतं, मावशीच्या घरून निघता येत नाही.

भरूचच्या मावशींनी चहा ठेवला आणि विचारलं, "पोर कधी जाते?" मनूने ऑगस्ट सांगितलं मात्र, त्यांनी गॅस बंद केला. "एवढी लांब चाललीस आणि चहावर जाशील? बस खाली." पुरण शिजायला घातलं. मनूला पाटावर बसवून औक्षण केलं, हातावर नारळ ठेवला. जेवून उठलो तर मावशींचा धाकटा दीर भेटायला म्हणून स्कूटरवर निघालेला, तो येईपर्यंत थांबणं भागच होतं. निघालो तेव्हा दुपार कलली होती आणि मांडीवर खाऱ्या शेंगदाण्यांची पिशवी वाढली होती.

सुरतला दुपारचं जेवण रात्री झालं. चुलतभावाने गाडीची किल्लीच काढून घेतली. "आज जायचंच नाही. बस, आता बोलायचंच नाही ने." दुसऱ्या दिवशी त्यांनी आख्ख्या गल्लीतल्या मराठी घरांतून मनूला फिरवलं. प्रत्येक घरी कुंकू, प्रत्येक घरी नारळ, प्रत्येक घरी 'तिकडे थंडी फार हं' असा सल्ला. नारळ ठेवायला जागा उरली नाही तेव्हा मी ते पायाशी घेतले आणि ब्रेक मारताना नारळ घरंगळत पेडलखाली येऊ लागले. काकूंनी शेवटी ते सतरंजीत बांधले.

काका सारखे घड्याळ बघत होते. फोनवर नकाशा उघडायचे, बंद करायचे. पनवेलला, चिपळूणला फोन करून सांगायचे, "जरा उशीर होतोय." मला त्यांची दया यायला लागली. कुणावर रागवायची सोय नव्हती. सगळे प्रेमानेच त्यांचं वाटोळं करत होते.

वलसाडच्या मेहुण्यांनी तर आंब्यांच्या पेट्याच काढल्या. आमरस झाला, रेल्वेच्या क्वार्टरमधल्या चारपाच कुटुंबांचं एकत्र जेवण झालं, आणि आमच्या रजेचा तिसरा दिवस संपत आला. संध्याकाळी काकांनी मला बाहेर बोलावलं. "इथे तिथल म्हणून गाव आहे जवळ, तिथे समुद्र आहे," ते हळूच म्हणाले. "जरा जाऊन येऊ."

तिथलची वाळू काळी आहे. पाणी मातकट. किनाऱ्यावर भज्यांच्या गाड्या, मक्याची कणसं, कंटाळलेले दोन उंट. कॅलेंडरातलं काहीच तिथे नव्हतं. काकांनी चपला काढल्या आणि हातात धरून उभे राहिले.

"मनू, समुद्र आहे ग. पण तो नाही."

मनू पाण्यात गुडघाभर जाऊन आली होती. तिची सलवार ओली होती आणि चेहरा असा उजळलेला की मीच बघत राहिलो.

"आत्ता निघालो," काका माझ्याकडे वळले, "आणि मधे कुठेच थांबलो नाही, तर उद्या सकाळी पोचू ने? नुसता बघायचा आणि मागे फिरायचं. कारखान्यात मी फोन करतो."

मी काही बोलायच्या आत मनू म्हणाली, "बाबा, कोकण राहू दे."

"अग, पण मी तुला सांगितलं होतं."

"म्हणूनच. मला परत यायला काहीतरी ठेवा ने."

काकांचा हात सवयीने वर आला. तळहात पालथा झाला. पण झटकला गेला नाही, आणि वाक्यही आलं नाही. मनूने तो हात धरला आणि त्यांना पाण्याकडे घेऊन गेली. काकू माझ्याजवळ उभ्या होत्या. त्या रडत होत्या आणि मला कणीस घ्यायला सांगत होत्या. मी कणसं घेतली. माझेही डोळे भरून आले होते, ते मी भट्टीच्या धुरावर ढकललं.

ऑगस्टात मनू गेली. काकांनी टेबलावरच्या बरण्या पुन्हा मांडल्या. या वेळी सगळे नातेवाईक येताना, जाताना सरळ गुहागर. "चूक कळली मला," ते म्हणाले. "समुद्र आधी, मावश्या नंतर."

पण मनूला यायला जमेना. शिक्षण झालं, मग नोकरी, मग कागदपत्रं, मग लग्न. शेवटी काका निवृत्त झाले आणि तिच्या बाळंतपणासाठी दोघंच तिकडे गेले. सहा महिन्यांसाठी म्हणून गेलेले, अजून तिकडेच आहेत. खालच्या घरात भाडेकरू आला आहे. खरं सांगतो, मला करमत नाही. जिन्यातून उतरताना मी अजून त्यांच्या दाराशी पाऊलभर थबकतो.

फोन मात्र येतो. मागच्या आठवड्यात म्हणाले, "इथे लोक चार तास गाडी चालवून डोंगर बघायला जातात आणि रात्री हॉटेलात राहतात! मी म्हटलं, वाटेत बडोद्याचं कुणी नाही का? शोधलं तर दोन घरं निघाली. एक तर निजामपुऱ्यातलंच."

"समुद्र पाहिला का तिकडचा?"

"जावई नेत होते. मी नाही म्हटलं. आमचा ठरलाय तो वेगळा आहे." मग आवाज जरा खाली आला. "मनू म्हणते, पोरगी चालायला लागली की येऊ. गाडी बरी आहे ने?"

गाडी पार्किंगमध्ये उभी आहे. सेक्रेटरी दर महिन्याला मला सांगतात, भंगारात द्या, जागा मोकळी होईल. मी देत नाही. मागच्या सीटवर दोन सतरंज्या आहेत, पाण्याचा कॅन आहे, किटली आहे. भाडेकरू आला तेव्हा स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काकांनी मला फोन करून काढायला लावलं, तेही गुंडाळून तिथेच ठेवलंय. पायपुसण्याखाली तिथलची काळी वाळू अजून निघते. काकांनी बजावलंय की काही उतरवायचं नाही, निघताना पुन्हा भरत बसायला नको.

दर रविवारी सकाळी मी ती सुरू करतो, सोसायटीला एक चक्कर मारतो आणि पंपावर जाऊन चारही चाकांत हवा भरून आणतो. बायको विचारते, ज्या गाडीतून कुणी कुठे जात नाही तिच्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

हवा फुकट मिळते. मी तळहात झटकून तिला सांगतो, "त्यात कसला खर्च?"