फेरीवाल्या बाई

फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खडू न उचलता, एकसारख्या उंचीची लाट काढणारं माणूस मी एकच पाहिलं: आयटीआयमधल्या आमच्या बाई. सेनगावकडच्या तांड्यावर वाढलेल्या. साडीला कडक इस्त्री आणि पदराला कायम खडूची पूड.

मी तेव्हा एकतीस वर्षांची, दोन लेकरांची आई, वीजतंत्रीच्या वर्गातली एकटीच बाईमाणूस. गणिताचं नाव काढलं तरी घाम फुटायचा. एसी करंटच्या लाटा मोजताना मी वरचा उंचवटा एक आणि खालचा दुसरा धरला. उत्तर दुप्पट आलं. पोरं हसली.

बाईंनी विचारलं, "सेनगावची जीप हिंगोलीला गेली. फेरी झाली का?"

"झाली."

"मंग डायवर मुक्कामी राहतो काय? वर गेली, खाली गेली, परत जागेवर आली, तवा एक फेरी. सेकंदात फेऱ्या किती, ती फ्रिक्वेन्सी. एका फेरीला वेळ किती, तो आवर्तकाल. एक वाढलं की दुसरं घटतं."

त्या दिवसापासून वर्गात त्यांचं नाव पडलं फेरीवाल्या बाई. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

उत्तर सांगायचं नाही, हा त्यांचा हट्ट. "मी सांगितलं तर ते माझं ऱ्हाईल," म्हणायच्या.

डोंगरकड्याला बचतगटाचं हळद पॉलिशचं केंद्र होतं. तिथं जनरेटरवर चालणारी मोटर सारखी तापायची. बाई मला घेऊन गेल्या. गटाच्या अध्यक्ष पुष्पाताई रडवेल्या झाल्या होत्या. "दोन मोटरी जळाल्या. गावातले म्हणून राहिले, बायकांचं काम न्हाई हे, केंद्र दुसऱ्याला द्या."

"व्होल्टेज बराबर हाय," जनरेटर सांभाळणारा मेकॅनिक म्हणाला. "मोटरच खराब."

बाईंनी लाट दाखवणारं तळहाताएवढं यंत्र व्होल्टेज उतरवणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमार्फत जनरेटरला जोडलं आणि माझ्या हातात दिलं. "तू बघ."

पडद्यावरचा एक चौकोन म्हणजे पाच मिलिसेकंद. पूर्ण फेरी चार चौकोनांत बसायला हवी. मी मोजले, पाच भरले. पुन्हा मोजले, पाचच.

"एका फेरीला पंचवीस मिलिसेकंद, बाई."

"मंग सेकंदात फेऱ्या किती?"

"हजार भागिले पंचवीस... चाळीस."

"अन् पाहिजेत किती?"

"पन्नास!" मी जवळजवळ ओरडलेच. "इंजिन हळू पळून राहिलंय. मोटर चांगली हाय. व्होल्टेज तेवढंच अन् फेऱ्या कमी, म्हणून ती जास्त करंट ओढते, अन् तापते!"

मेकॅनिकनं मान खाली घातली. "डिझेल वाचावं म्हणून मीच वेग कमी केला होता." त्यानंच वेग वाढवला. पडद्यावरची लाट आखडत आखडत चार चौकोनांत बसली. पॉलिशचं पिंप गरगर फिरू लागलं, हळकुंडं खडखडली. तासाभरानं पुष्पाताईंनी मोटरीवर हात ठेवला. कोमट.

"आता सांगा म्हणावं, केंद्र कोणाला द्यायचं!" त्या गरजल्या, आणि सगळ्या बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाई मागे उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

पुढच्याच महिन्यात बाईंची बदली झाली. निरोप द्यायला मी स्टँडवर गेले.

नंतर एकदा डोंगरकड्याला गेले, तेव्हा पुष्पाताईंनी केंद्राची दुरुस्तीची वही दाखवली. त्या दिवसाची नोंद बाईंच्या ठसठशीत अक्षरात होती. स्वतःचं नाव त्यांनी कुठंच लिहिलं नव्हतं. दोष शोधणाऱ्याच्या रकान्यात माझं पूर्ण नाव होतं, आणि त्यापुढे, परीक्षेला अजून चार महिने बाकी असताना, लिहिलं होतं: वीजतंत्री.