विहिणीचं बाइलामोस

माझा नातू पाच वर्षांचा आहे आणि स्पेनमध्ये राहतो. त्याची दुसरी आजी, म्हणजे माझी स्पॅनिश विहीण, त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. मी नोएडात राहते. माझ्या जळफळाटाची हकिगत खरं तर इथंच संपते, पण मला ती सविस्तर सांगायची आहे.

बाई वाईट नाही, हाच वैताग आहे. वाईट असती तर खुशाल बोटं मोडली असती. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती मागून हात हलवते, गोड हसते, आणि नातू मला आदल्या दिवशी काय काय झालं ते सांगू लागतो. अर्धं मराठीत, अर्धं स्पॅनिशमध्ये, आणि महत्त्वाचं नेमकं स्पॅनिशमध्ये. म्हणून मिनिस्ट्रीतून रिटायर झाल्यावर मी इथल्या एका स्पॅनिशच्या क्लासात नाव घातलं. बाकीची मुलं नोकरीसाठी शिकतात. मी विहिणीवर लक्ष ठेवायला शिकते.

भूतकाळ आला तेव्हा तो मी पाढ्यांसारखा घोकला. 'कोमी' म्हणजे मी खाल्लं. आपल्याकडे पोळी खाल्ली, भात खाल्ला, ताटात असेल तसं क्रियापद बदलतं. त्यांच्याकडे खाणारा कोण एवढंच बघतात. विहिणीच्या ऑम्लेटला आणि माझ्या पुरणपोळीला एकच 'कोमी', हे काही मला पटलं नाही. मग नाचणं आलं. बाइले, मी नाचले. बाइलास्ते, तू नाचलास. बाइलो, ती नाचली. हे तिसरं रूप जिभेवर येताना कडू लागायचं, कारण नाचली कोण ते मला ठाऊक होतं: शनिवारी गाणी लावून नातवाला नाचवणारी विहीण. माझ्याहून मोठी आहे ती, आणि जिना चढताना कुरकुरतात ते माझे गुडघे.

शेवटी बाइलामोस. याचा अर्थ 'आम्ही नाचतो' की 'आम्ही नाचलो', हे नुसत्या शब्दावरून कळत नाही. शिकवणारी दिल्लीची मुलगी म्हणाली, "आंटी, अपने 'कल' जैसा समझ लो. बीता हुआ या आने वाला, बात से पता चलता है."

मला काळाची फिकीर नव्हती. मी विचारलं, यात ऐकणारा धरायचा की वगळायचा? ती गोंधळली. "हम तो हम होता है, आंटी." तिचंही खरं होतं. हिंदीत हा प्रश्न पडत नाही, स्पॅनिशमध्येही नाही. मराठीत पडतो. 'आपण नाचलो' म्हटलं की ऐकणाराही नाचात असतो, 'आम्ही नाचलो' म्हटलं की तो दाराबाहेर. माझा मुलगा दिल्लीत वाढला, त्यामुळे लहानपणी त्याचाही घोटाळा व्हायचा. आलेल्या पाहुण्यांना सांगायचा, काल आपण मामाकडे जेवलो. मी टोकून टोकून त्याची ती सवय मोडली.

गेल्या रविवारी कॉल लागला तेव्हा नातू उड्या मारत होता आणि विहीण मागे सोफ्यावर बसून हसत होती. "आयेर बाइलामोस," त्यानं सुरुवात केली. आयेर म्हणजे काल. कुणाच्या मदतीशिवाय मला सगळं समजलं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. इतकी फी भरून मी हेच ऐकायला शिकले होते, की ती दोघं नाचली आणि मी नव्हते.

मग त्याला आठवलं की या आजीशी मराठीत बोलायचं असतं. तो थांबला, शब्द जुळवले आणि म्हणाला, "आजी, काल आपण नाचलो."

त्याच्या मागून माझा मुलगा म्हणाला, "आपण नाही रे, आम्ही. आजी कुठे होती तिथे?"

शिकवण माझीच होती. नातवानं चूक सुधारायला तोंड उघडलं.

"तू मध्ये बोलू नकोस," मी मुलाला म्हणाले. "त्याचं बरोबर आहे." आणि नातवाला विचारलं, "मग? नाचून झाल्यावर आपण काय केलं?"