समोरचा गप्प बसला तर

आमच्या आत्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. दुकानदार नुसता बघत उभा राहिला तरी ही पिशवी उघडते. आमच्या कपाटात टूथपेस्टचे इतके प्रकार आहेत की दात कमी पडतात, ते त्यामुळेच. आणि अशी बाई आंतरराष्ट्रीय व्यापारात मास्टर्स करत होती!

आत्या एका निर्यात कंपनीत कंटेनरची कागदपत्रं बनवते. परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायच्या खुर्चीवर मात्र तिच्या मागून आलेली पोरं बसतात. मालक एकदा म्हणाले, “ताई, डिग्री आणा, खुर्ची तुमची.” झालं! तेव्हापासून भाजी चिरतानाही हिच्या कानात लेक्चर.

लेखी पेपर सगळे सुटले. गाडी अडली ती तोंडी परीक्षेत. सर गिऱ्हाईक होणार, आपण विक्रेता, आणि सौदा पटवायचा. आत्या आधी दोनदा आपटली होती. ही शेवटची संधी. हुकली की डिग्री गेली, खुर्चीही गेली.

मग मला कामाला लावलं, कारण नकला हा माझा प्रांत. सरांचं नाव मी खोकले सर ठेवलं होतं. लॅपटॉपवरच्या लेक्चरमध्ये घसा साफ केल्याशिवाय त्यांचं वाक्यच निघायचं नाही. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी सुरू व्हायचे.

“अह्हं! मॅडम, तुमच्या फरशा महाग आहेत. दुसरा स्वस्त देतोय.”

“मग त्याच्याकडून फुटक्या घ्या,” आत्या म्हणायची.

“अह्हं! जहाजाचं भाडं तुम्ही भरा.”

“पॅकिंग आमचं, भाडं तुमचं. वर एक खिळासुद्धा मिळणार नाही!”

बाबा पेपरामागून आपल्या बहिणीला टोमणा मारायचे, “घरात वाघीण. सरांसमोर बसली की ‘हो सर, हो सर’. या वेळी नाही जमलं तर बास हं हे खूळ!”

परीक्षा घरीच, लॅपटॉपवर होती. खोलीचं दार किलकिलं ठेवून मी बाहेर उभी. आत्याने झकास सुरुवात केली. माल सांगितला, भाव सांगितला. आणि खोकले सर गप्प बसले.

नुसते गप्प. नेट गेलं म्हणावं, तर स्क्रीनवर त्यांच्या पापण्या हलत होत्या.

माझ्याकडे त्यांचा खोकला होता, नाकातला सूर होता, चष्मा वर सरकवणं होतं. गप्प बसणं तेवढं नव्हतं. गप्प माणसाची नक्कल करून हशा कुठे मिळतो?

“सर... थोडं कमी करता येईल,” आत्या म्हणाली.

शांतता.

“भाडं आम्ही भरू.”

शांतता.

“विमासुद्धा आमचाच.” मी दाराच्या फटीत दोन्ही हात हलवत होते, पण तिची पाठ माझ्याकडे. “फुटलेल्या फरशा बदलून देऊ. न फुटलेल्याही... आवडल्या नाहीत तर...”

“अह्हं,” सर शेवटी बोलले. “मॅडम, मी अजून काही मागितलंच नव्हतं.”

नापास. तिथल्या तिथे सांगून टाकलं.

आत्या बाहेर आली आणि टेबलापाशी आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली. सवयीने मीही समोर बसले. एकही आवाज काढावासा वाटेना. ती रडली नाही, बोलली नाही, पाण्याला हात लावला नाही.

शांतता बाबांनाही सोसत नाही. घराण्यातच आहे ते.

“जाऊ दे गं,” ते म्हणाले. “तो सरच तिरसट.”

आत्या गप्प.

“बरं... पुन्हा पहिल्यापासून प्रवेश देतात का, बघ तरी.”

आत्या गप्प.

“फीचं मी बघतो. आणि संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे.”

मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. थांब, आता बोलू नकोस! मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ थरथरत होते. ती कसला डाव खेळतेय? तिच्याजवळ द्यायला शब्दसुद्धा उरला नव्हता.

“भांडीही,” बाबा म्हणाले.