मामांनी लावलेली भर

हे गेल्यावर लोक घरी येत, रडत, मला रडवू बघत आणि शेवटी चहा पिऊन जात. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मला रडूच येत नव्हतं. भीतीही वाटत नव्हती. भूकसुद्धा घड्याळाकडे बघून लागायची. दिवस झाल्यावर ऑफिसलाही तशीच जायला लागले, एकही दिवस न चुकवता.

एका रविवारी कळंब्याच्या रस्त्याला एका नर्सरीपुढं गाडी थांबवली. का थांबवली, ते आजही सांगता येणार नाही. नर्सरीवाला जास्वंद, मोगरा दाखवायला लागला. मी म्हटलं, "घरात ठेवायला लहान द्या. फार बघावं लागणार नाही अशी." त्यानं तळहातावर मावतील एवढी झाडं पुढं केली. जाड पानांचं जेड, बोटभर उंचीचं स्नेक प्लांट, पांढऱ्या पट्ट्यांची कोरफडीसारखी एक गिड्डी जात. "पंधरा दिसांतनं एकदा पाणी घाला ताई. इसरला तरी मरत न्हाईत." एवढं ऐकलं आणि मी आणखी दोन घेतली.

खिडकीजवळच्या फळीवर ती मांडली. उंच मागं, बुटकी पुढं. मग उलटं करून बघितलं. चकचकीत पांढऱ्या कुंड्यांत ती दवाखान्यातल्यासारखी दिसायला लागली, म्हणून मातीच्या आणल्या. दुपारभर एकेक कुंडी इकडून तिकडं सरकवत होते. छान दिसतंय असं काही वाटलं नाही, पण दुपार गेली.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. दिवसकार्याला वारणाकाठच्या गावाहून आले ते राहिलेच. पोरगी एकटी नको, म्हणाले, आणि ऊस पुतण्यांच्या हवाली केला. त्यांचा मुलगा गेला होता आणि माझा नवरा, पण ह्यांचं नाव घरात कुणीच काढत नव्हतं. 'जेवलाय?' आणि 'व्हय', एवढंच आमचं बोलणं. असंच चाललं तर एक दिवस दोघंही मुके होऊ, असं मला वाटायचं. त्याचंही फारसं काही वाटायचं नाही.

महिनाभरात झाडं पिवळी पडली. जेडला हात लावला की पान गळायचं. ऊन कमी पडतंय म्हणून मी आपली कुंड्यांच्या जागा बदलत राहिले. एका सकाळी लवकर जाग आली, तर मामा फळीपुढं उभे. एका हातात तांब्या, दुसऱ्यात चहाचा चमचा. चमच्यानं कडेची माती उकरून खोडाशी चढवत होते आणि उकरलेल्या जागी पाणी सोडत होते. उसाला भर लावतात, अगदी तशी. चार बोटांच्या कुंडीत सरी! एरवी मी पोट धरून हसले असते.

"मामा, रोज पाणी घालताय?"

"व्हय की. दिस उगवायच्या आत. वाढंनातच गं ती. म्हणून भर लावली."

"पंधरा दिवसांनी एकदा घालायचं असतं ह्यांना! सगळी कुजवलीत तुम्ही." माझा आवाज चढला होता. राग आला होता मला, खराखुरा. इतक्या दिवसांत काहीतरी आलं ते हे.

मामांनी तांब्या फळीवर ठेवला.

"मग रोज सकाळी उठून मी करू काय, पोरी?"

त्यात रुसवा नव्हता. ते खरंच विचारत होते. माझा राग आला तसा गेला.

"मला पण कळत नाही, मामा," मी म्हटलं.

ते भिंतीला टेकून खाली बसले. मीही समोर बसले. मग त्यांनी ह्यांचं नाव घेतलं, लहानपणी हाक मारायचे तसं, अर्धवट तोडून. "त्यो असता तर वराडला असता माझ्यावर."

"आधी माझ्यावर," मी म्हटलं.

"व्हय. तुझ्यावर आधी."

रडू तेव्हाही आलं नाही. पण त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही.