चार बोटांचे माप

बळ आणि मर्यादा यांचा विवेक ही दुर्मीळ सिद्धी आहे. बळ अनेकांपाशी असते, मर्यादाही कित्येक जण निष्ठेने पाळतात. परंतु यांतले नेमके कोणते कुठे उणे पडले आहे, हे ओळखणारी दृष्टी एखाद्यालाच लाभते. रस्त्याच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली शेतीची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या फिटरकाकांना ती लाभली होती. यंत्रांच्या बाबतीत, एवढी पुस्ती मात्र जोडली पाहिजे.

खत पेरण्याच्या यंत्राला जमीन चिरत जाणारे पोलादी तवे असतात. तवा किती खोल जावा हे एका खिळीने ठरते. आणि टणक मातीतही त्याने तिथेच टिकावे, यासाठी वरून स्प्रिंगचा दाब असतो. खत उथळ पडू लागले की शेतकरी स्प्रिंगचे नट आवळत सुटत. मग यंत्राचा सांगाडाच वर उचलला जाई, चाके घसरत, आणि ते धूड काकांच्या दारात येई. "चूक खिळीची आणि शिक्षा स्प्रिंगला!" असे पुटपुटत काका आधी सगळे नट सैल करीत. मग खीळ योग्य छिद्रात बसवून ते एकेक नट पुन्हा आवळत. ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबलेल्या मातीतून जाणाऱ्या दोन तव्यांना तेवढा अर्धा फेरा अधिक.

परीक्षा मात्र चालत्या यंत्राची होई. मागच्या मोकळ्या जमिनीवर काका ट्रॅक्टर हाकीत आणि काकू मागून चालत. थोडे अंतर गेले की काका इंजिन बंद करून मागे वळत. काकू चर उकरून, खताच्या दाण्यांपासून वरपर्यंत आडवी बोटे लावीत.

"साडेतीन!"

"चार धर की."

"अहो, बोटं माझी आहेत. तुमच्यासाठी वाढवू कशी?"

पुढे मुलीला जुळे झाले आणि काकू सहा महिन्यांसाठी दूरच्या शहरी गेल्या. त्या सहा महिन्यांची सहा वर्षे झाली. मुलगी म्हणे, "बाबांनी बोलावलं तर खुशाल जा, मी सांभाळेन." काकू त्या बोलावण्याची वाट पाहत राहिल्या, काका त्यांनी आपणहून येण्याची. इकडे जमिनीच्या कडेला काका पूर्ववत इंजिन बंद करीत, मागे वळत, आणि आकडा ऐकू येण्याइतका वेळ तसेच बसून राहत. मग स्वतःच खाली उतरत.

दर हंगामाला त्यांचा फोन मात्र चुकला नाही.

"अगं, खोली किती ठेवू? माती जरा भुसभुशीत आहे."

"चार बोटं. नेहमीचीच."

"बरं."

त्यानंतर बराच वेळ कुणीच फोन ठेवीत नसे.

सहाव्या वर्षी काकू दहा दिवसांसाठी आल्या. हत्यारांची पेटी पुसताना त्यांच्या हाती एक लाकडी पट्टी लागली. आखूड, हाताळून काळी तुळतुळीत झालेली. त्यांनी सहज तिच्यावर आपला हात ठेवला. चार बोटे नेमकी मावली.

"हे काय?"

"माप."

"कुणाचं?"

"तुझ्या बोटांचं. दारावर तुझ्या तेलकट हाताचा ठसा उठला होता, त्यावरून कापली. तू गेलीस त्याच आठवड्यात."

"म्हणजे माप जवळ होतं! मग सहा वर्षं फोनवर काय विचारत होता?"

काका पाना घेऊन एका यंत्रावर ओणवे झाले.

"बोला की!"

"नट घट्ट बसलाय."

निघताना काकूंनी पट्टी स्वतःच्या पिशवीत टाकली. "आता बघते, पुढच्या हंगामात काय विचारता ते."

पुढचा हंगाम आला. फोन झाला.

"पट्टी तुझ्याकडे राहिली."

"राहिली नाही, मी आणली. कुरियरने पाठवू?"

पलीकडे दोन्ही नातवंडे कशावरून तरी भांडत होती, ते काकांना ऐकू येत होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे नट सैल करणाऱ्या त्या माणसाला ते एक वाक्य उच्चारायला जे बळ लागले, त्याचे माप कोणत्याही स्प्रिंगला ठाऊक नसेल.

"पट्टी नको," काका म्हणाले. "तू ये. मला इथं करमत नाही."

"एवढंच म्हणायचं होतं ना?" काकू म्हणाल्या. "येते."

चौथ्या दिवशी त्या आल्या. पुढचे तीन हंगाम काका इंजिन बंद करून मागे वळत, तेव्हा मागून आकडा येई.

काका जाऊन आता दोन वर्षे झाली. त्यांच्या हाताखाली तयार झालेला कारागीर नट फिरवतो आणि काकू यंत्रामागून चालत चरात बोटे लावतात. पट्टी भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे. दारावरचा तेलाचा ठसा अजून पुसलेला नाही.